डोमेन आमच्याकडे आणण्यापूर्वी

डोमेन (म्हणजे वेबसाइटचं नाव) ट्रान्सफर करायला किती वेळ लागतो, असं आम्हाला रोज कोणीतरी विचारतं. सगळं जागच्या जागी असेल तर आठवडाभर पुरतो. नसेल तर दोन महिनेही जातात. फरक पडतो तो बहुतेक वेळा दोनच गोष्टींमुळे: डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्यावर कुठला ईमेल नोंदवला आहे. म्हणून पैसे भरण्याआधी हे पत्रक वाचा. पैसे नंतरही भरता येतात.

ट्रान्सफर म्हणजे फक्त नावाची नोंदणी एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे जाणं. वेबसाइटच्या फाइल्स आणि ईमेलचे मेलबॉक्स यांचा त्याच्याशी संबंध नाही. ते जिथे आहेत तिथेच राहतात.

नाव कोणाचं?

कितीतरी डोमेन मालकाच्या नावावर नसतातच. वेबसाइट बनवणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने घेतलेलं असतं. तेव्हा सोयीचं वाटलं, कोणी विचारलंही नाही. पुढे त्याच्याशी बिनसलं की मग ज्याच्या हाती ससा तो पारधी. रजिस्ट्रारच्या लेखी नोंदीत ज्याचं नाव तोच धनी. बिलं तुम्ही भरलीत याने तिथे फारसा फरक पडत नाही. अशा वेळी आम्हीही तुमच्यासाठी काही करू शकत नाही, त्या माणसाशी तुम्हालाच बोलावं लागतं. संबंध बरे असताना बोला.

आणखी एक गोंधळ रिसेलरचा, म्हणजे रजिस्ट्रारच्या वतीने डोमेन विकणाऱ्याचा. ज्यांना तुम्ही पैसे भरता ते रजिस्ट्रार असतीलच असं नाही. खरा रजिस्ट्रार कोण हे आयकॅनच्या (डॉट कॉमसारख्या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) लुकअप पानावर डोमेन टाकलं की दिसतं. मालकाचं नाव मात्र २०१८ नंतर तिथे सहसा झाकलेलं असतं, त्यामुळे ते जुन्या खात्यात शिरूनच पाहावं लागेल.

कुलूप आणि कोड

ट्रान्सफरसाठी दोन गोष्टी लागतात. जुन्या खात्यातलं ट्रान्सफर लॉक काढायचं आणि ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्यासाठीचा पासवर्डसारखा कोड, घ्यायचा. काही जण त्याला ईपीपी कोड म्हणतात, दोन्ही एकच. कोड कॉपी करून पेस्ट करा, हाताने टाइप करू नका. शून्य आणि ओ यांच्या गल्लतीत आमचे बरेच तास गेले आहेत. कोडच्या शेवटी चिकटून आलेल्या रिकाम्या जागेमुळेही कोड नाकारला जातो.

कोड आम्हाला दिला की जुना रजिस्ट्रार तुम्हाला एक ईमेल पाठवतो: ट्रान्सफरची विनंती आली आहे, तुम्ही केली नसेल तर या लिंकवर रद्द करा. काही ग्राहक घाबरून ती लिंक दाबतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तुम्ही काहीच केलं नाहीत तर पाच दिवसांनी डोमेन आपोआप इकडे येतं. संमतीची लिंक दिली असेल आणि ती दाबलीत तर त्याहून लवकर.

साठ दिवसांचं कोडं

डोमेन नवीन घेतलं असेल किंवा नुकतंच एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे आणलं असेल, तर साठ दिवस ते पुन्हा हलवता येत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. तिसरी अट कळते ती अडकल्यावर. नोंदणीतलं मालकाचं नाव, संस्थेचं नाव किंवा ईमेल यांपैकी काहीही बदललं तरी साठ दिवसांचं कुलूप लागतं.

आणि नेमकं हेच लोक आधी करतात. डोमेन हलवायचं ठरलं की आवराआवर सुरू होते, जुना ईमेल काढून नवा टाकला जातो आणि दोन महिने हात बांधले जातात. आधी ट्रान्सफर करा, माहिती नंतर आमच्याकडे बदला.

जुना ईमेल बंदच पडला असेल तर? जुन्या खात्यात लॉगिन होत असेल आणि कोड तिथेच पडद्यावर दिसत असेल, तर काही बिघडलेलं नाही. ईमेलला हात न लावता कोड घ्या. तो पाच दिवसांचा ईमेल कोणी वाचला नाही तरी ट्रान्सफर होतं. कोड फक्त ईमेलनेच येत असेल तर मात्र जुन्या रजिस्ट्रारला ओळखपत्र देऊन ईमेल बदलून घ्यावा लागेल. तो बदलण्याआधी, आठवणीने आधीच, विचारा की साठ दिवसांच्या कुलपातून सूट मिळेल का. काही रजिस्ट्रार ती देतात, पण बदल झाल्यावर मागून मिळत नाही. खात्याचा लॉगिन ईमेल आणि मालकाच्या नोंदणीतला ईमेल या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हेही पाहून घ्या. नुसता लॉगिनचा बदलला तर साधारणपणे कुलूप लागत नाही.

मुदत संपत आली असेल तर

डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनमध्ये ट्रान्सफरबरोबर मुदत एक वर्षाने वाढते, तुमचे उरलेले दिवस बुडत नाहीत. एकूण मुदत दहा वर्षांपुढे जात नाही, एवढंच.

बुडतात ते पैसे, आणि ते असे. मुदत उलटून गेली, तुम्ही घाईघाईने जुन्याकडे रिन्यू केलं आणि मूळ मुदतीपासून ४५ दिवसांच्या आत इकडे आणलं, तर जुन्याकडे वाढलेलं वर्ष रद्द होतं. एका वर्षासाठी दोनदा पैसे, आणि जुना रजिस्ट्रार ते परत देईलच असं नाही. म्हणून एकतर मुदतीच्या महिनाभर आधी या, नाहीतर उशिरा रिन्यू केल्यावर ते ४५ दिवस जाऊ द्या.

रिन्यू न करता डोमेन रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे मुदत संपलेलं डोमेन सोडवून घेण्याच्या शेवटच्या टप्प्यात, गेलं, तर पुढचे ३० दिवस ते कुठेही नेता येत नाही. जुन्याकडेच जबर शुल्क भरून सोडवावं लागतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येतं.

साइट आणि ईमेल चालू राहावेत म्हणून

ट्रान्सफरमध्ये नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनची साइट आणि ईमेल कुठे आहेत हे सांगणारे सर्व्हर, बदलत नाहीत. पण ते जुन्या रजिस्ट्रारचेच असतील, तर तुम्ही निघालात की तो ती सेवा बंद करू शकतो. साइट जाते, ईमेल जातो, आणि फोन आम्हाला येतो. त्यामुळे सगळ्या डीएनएस नोंदी (नेमसर्व्हरवर ठेवलेली हीच माहिती) आधीच उतरवून घ्या. साइटची नोंद सगळ्यांना आठवते. ईमेलच्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी विसरल्या जातात. जुन्या रजिस्ट्रारने फुकट दिलेलं ईमेल फॉरवर्डिंग तर यादीत दिसतही नाही, ते वेगळं विचारून घ्या. मग त्या नोंदी नव्या नेमसर्व्हरवर भरा, नेमसर्व्हर बदला, दोन दिवस थांबा आणि त्यानंतरच ट्रान्सफर सुरू करा. ट्रान्सफर चालू असताना नेमसर्व्हर बदलता येत नाहीत.

डीएनएससेक (डीएनएस नोंदी खऱ्या आहेत ना हे तपासणारी सुरक्षा) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याच्याही दोन दिवस आधी ते बंद करा. हे राहिलं तर साइट काहींना उघडते, काहींना नाही, आणि तुमच्या मोबाइलवर नीट दिसते म्हणून तुम्हाला पटतही नाही. आम्ही स्वतः एकदा असा अख्खा दिवस घालवला आहे.

देशांची डोमेन

वरचे दिवस आणि नियम डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गसारख्या डोमेनचे आहेत. देशांच्या डोमेनचे नियम त्या त्या नोंदणी संस्थेचे असतात. उदाहरणार्थ, जर्मनीच्या डॉट डीईचा कोड ३० दिवसांतच वापरावा लागतो. तुमचं डोमेन असं असेल तर काहीही करण्याआधी आम्हाला विचारा.

जुना रजिस्ट्रार दाद देत नसेल तर

आयकॅनच्या नियमानुसार, कोड किंवा लॉक काढणं खात्यात स्वतःला करता येत नसेल, तर मागणी केल्यापासून पाच दिवसांत ते करून देणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. बिलावरून वाद आहे एवढ्याच कारणाने तो कोड अडवू शकत नाही. मागणी लेखी करा, तारीख जपून ठेवा, आणि पाच दिवस उलटले तर आयकॅनच्या संकेतस्थळावर तक्रार करा. कोड लगेच देऊन टाकायला अनेकदा तक्रारीचा नुसता उल्लेखही पुरतो. मात्र डोमेन नक्की कोणाचं, हा वाद आयकॅन सोडवत नाही.

आम्हाला काय पाठवायचं

सुरुवातीला फक्त डोमेनचं नाव आणि मुदतीची तारीख पाठवा. लॉक, साठ दिवस आणि नेमसर्व्हर आम्ही पाहून कळवतो. हे पाहण्याचे पैसे आम्ही घेत नाही. कोड ईमेलवर किंवा चॅटवर पाठवू नका, आमच्या खात्यातल्या फॉर्ममध्येच भरा. आणि डोमेन आमच्याकडे आल्याचा ईमेल मिळेपर्यंत जुनं खातं बंद करू नका.