बाळाची नैसर्गिक कावीळ आणि रोगाची कावीळ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील अनेक जुन्या मराठी घरांत बाळंतिणीची खोली आजही मुद्दाम अंधारी ठेवतात, पौषाच्या थंडीत खिडकीला गोधडीही टांगतात आणि बाळाला हळद घातलेले पीठ लावून न्हाऊ घालतात. अशा खोलीत बाळाचा खरा रंग कळणे कठीण असते. बाळ केतकी वर्णाचे आहे, असे कौतुक चाललेले असताना ते प्रत्यक्षात पिवळे पडत असण्याची शक्यता असते. घरात जिला कावीळ आणि बाहेर जिला पीलिया म्हणतात, ती नवजात बाळाच्या बाबतीत दोन निरनिराळ्या प्रकारची असते, आणि नुसत्या पिवळेपणावरून ते प्रकार ओळखता येत नाहीत.

पहिली नैसर्गिक. पोटातील बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मानंतर त्या मोडतात, त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निघते आणि कोवळ्या यकृताला ते लगेच आवरता येत नाही. निम्म्याहून अधिक बाळांना ही कावीळ होते. ती पहिले चोवीस तास उलटल्यावर दिसू लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि पूर्ण दिवसांच्या बाळात बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. बाळ मात्र जोमाने दूध पिते आणि दुपटी भिजवते. या काळात त्याला वरचे पाणी किंवा ग्लुकोज देऊ नये. दिवसातून आठ ते बारा वेळा अंगावर पाजणे हाच घरचा उपाय आहे, कारण बिलिरुबिन मुख्यतः शीवाटे बाहेर पडते. आईची हळद आणि तेल बंद केल्याने काहीही साधत नाही. तो नियम मोठ्यांच्या काविळीतून उगाच इकडे आला आहे.

दुसरी कावीळ रोगाची. ती पहिल्या चोवीस तासांतच दिसली, तर आई आणि बाळ यांचे रक्तगट न जुळणे किंवा जंतुसंसर्ग यांसारखे कारण असू शकते, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिवळेपणा चेहऱ्याकडून पायांकडे उतरत जातो. तळहात आणि तळपाय पिवळे झाले, बाळ पिण्यासाठी उठेनासे झाले किंवा धनुष्यासारखे मागे ताणू लागले, तर रात्र असली तरी थांबू नये. बिलिरुबिन फार वाढले की ते मेंदूला कायमची इजा करते. काही बाळांत, विशेषतः मुलग्यांत, जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) आनुवंशिक कमतरता असते. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वासही रक्तपेशी मोडण्यास पुरतो, तेव्हा आजीने ट्रंकेत जपून ठेवलेली दुपटी वापरू नयेत, आणि त्या ट्रंकेत गोळ्या टाकणेच सोडावे.

प्रसूतीनंतर दोन दिवसांनी आई आणि बाळ बहुधा घरी येतात आणि कावीळ नेमकी त्यानंतर चढते, म्हणून पाहण्याचे काम घरच्यांवर येते. बाळाला दिवसाच्या उजेडात, पिवळ्या दिव्यापासून आणि हळदीपासून दूर, उबदार ठेवून पाहावे. कपाळ व छाती बोटाने हलकेच दाबून बोट उचलताच त्वचा कोणत्या रंगाची दिसते ते बघावे. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग तपासावा. शंका आली तर रक्त तपासावेच, कारण नजरेचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो.

काविळीच्या बाळाला कोवळे ऊन दाखवण्याचा सल्ला निराधार नाही. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना अंगणात नेत असत, उन्हाने पिवळेपणा कमी होतो हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातूनच १९५८ साली निळ्या प्रकाशाच्या उपचाराचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. तरीही ग्वाल्हेरच्या धुक्यातील सकाळी बाळाला उघडे करून गच्चीवर नेण्यात गारठ्याचाच धोका अधिक, आणि रोगाच्या काविळीला असे ऊन पुरतही नाही.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला, तर आईच्या दुधामुळे लांबलेली निरुपद्रवी कावीळ असू शकते आणि पित्तनलिका बंद असण्याचा गंभीर रोगही. येथे लंगोट पाहावा. दुधामुळे लांबलेल्या काविळीत शी पिवळी असते; पित्तनलिकेच्या रोगात ती पांढुरकी किंवा मातकट होते आणि लघवीचा पिवळा डाग पडतो. या रोगाची शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर अधिक उपयोगी पडते, त्यामुळे पांढुरकी शी दिसताच तो लंगोट तसाच डॉक्टरांना दाखवावा.