मोर

मोर : तितर, लावे व कोंबड्या यांच्या फॅसिअ‍ॅनिडी कुलातील मोठा पक्षी. शास्त्रीय नाव पाव्हो क्रिस्टेटस (लिनीअस, १७५८). याच प्रजातीतील हिरवा मोर (पाव्हो म्यूटिकस) आग्नेय आशियात आढळतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः भारतीय मोराविषयी आहे.

नाव : संस्कृत ‘मयूर’ हा शब्द द्राविड (तमिळ ‘मयिल’) किंवा मुंडा भाषांतून आला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. पक्ष्याच्या ओरडण्यावरून तो बनला असेल, हेही असंभाव्य नाही; आणि दोन भाषाकुलांत इतके जवळचे शब्द का, याचा उलगडा त्याने थोडा सोपा होतो. ऋग्वेदातील विषनाशक सूक्तात एकवीस मयूरींचा उल्लेख येतो, तेव्हा उसनवारी झालीच असेल तर ती बरीच जुनी असली पाहिजे. ‘मोर’ हे रूपही अर्वाचीन नव्हे. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी रोज दोन मोर व एक हरिण (हरिण मात्र नेहमी नव्हे) मारले जाते, असे म्हटले आहे. हा लेख अनेक ठिकाणी कोरलेला आहे. कालसी (उत्तराखंड) येथील पाठात ‘मजुला’, तर गिरनारच्या (गुजरात) पाठात चक्क ‘द्वो मोरा’ असे शब्द आहेत. म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकातच पश्चिमेकडील बोलीत हे रूप रुळले होते. ‘लांडोर’ या मादीवाचक शब्दाचा संबंध ‘लांडा’ (शेपूट तुटलेला) याच्याशी जोडतात. तो खरा असल्यास नाव काहीसे अन्यायाचे आहे, कारण शेपूट नर-मादी दोघांनाही असते.

पिसारा : पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूस असणारी आच्छादक पिसे नरात अतोनात वाढतात. खरी शेपटी आखूड, सुमारे २० ताठ पिसांची असून ती मागून पिसाऱ्याला टेकू देते. पिसाऱ्यात साधारण १५० ते २०० पिसे असतात व बहुतेकांच्या टोकाशी ‘डोळा’ (चंद्रक) असतो. नराचे वजन ४ ते ६ किग्रॅ. भरते; पिसाऱ्यासह लांबी सुमारे दोन ते सव्वादोन मीटर भरते. पूर्ण पिसारा येण्यास तीन-चार वर्षे लागतात. पावसाळा सरता सरता तो झडतो व पुढील हंगामापर्यंत पुन्हा उगवतो.

पिसांत निळे किंवा हिरवे रंगद्रव्य नसते. ओल्या पिसाचे रंग नाहीसे होतात, हे रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्येच नोंदविले होते. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असून त्यांच्यातील अंतरानुसार प्रकाशाचा विशिष्ट रंग परावर्तित होतो, हे चिनी भौतिकीविदांनी २००३ मध्ये दाखविले.

एवढा बोजा कशासाठी, हा प्रश्न चार्ल्स डार्विन यांना इतका छळत होता की मोराचे पीस पाहिले की मला कसेसेच होते, असे त्यांनी १८६० मध्ये एका पत्रात लिहिले. मादीची निवड, म्हणजे देखण्या पिसाऱ्याचे नर माद्या पसंत करतात, हे त्यांचे १८७१ मधील उत्तर. त्यांचे समकालीन निसर्गशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड वॉलेस यांना ते पटले नाही. मॅरियन पेट्री यांनी इंग्लंडमधील व्हिप्स्नेड येथे केलेल्या निरीक्षणांत (१९९१) जास्त डोळे असलेल्या नरांना अधिक माद्या लाभल्या. डोळे कापून कमी केल्यावर यश घटले. उलट जपानमधील सात वर्षांच्या अभ्यासात (२००८) असा संबंध आढळला नाही. कॅनडातील रोझलिन डेकिन व रॉबर्ट माँटगोमेरी (२०११) यांच्या मते डोळ्यांची संख्या निसर्गतः फारशी बदलत नाही. बरेच डोळे गमावलेला नर मात्र मागे पडतो. हे मत दोन्ही निष्कर्षांना सामावून घेत असल्याने अधिक ग्राह्य वाटते. लांडोरीच्या डोक्यावर नजर टिपणारे यंत्र बसवून केलेल्या प्रयोगात (२०१३) ती पिसाऱ्याचा खालचा भागच अधिक न्याहाळते, असे दिसले.

वर्तन : विणीच्या हंगामात नर आपापली नाचण्याची जागा धरून राहतात. अशा जागा जवळजवळ असतात. माद्या तेथे फिरून नर निवडतात. नर मादीला आधी पाठ दाखवतो आणि मग वळून पिसारा थरथरवतो; ही थरथर सेकंदाला सुमारे २५ वेळा होते आणि तिचा सळसळाट जवळून ऐकू येतो. ढग पाहून मोर नाचतो, हा समज विणीचा हंगाम पावसाळ्याशी जुळल्यामुळे दृढ झाला असावा. मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते, ही कथा निराधार आहे. समागम इतर पक्ष्यांप्रमाणेच होतो. लांडोर जमिनीवरील खळग्यात बहुधा ४ ते ६ अंडी घालते, सुमारे २८ दिवस एकटीच उबवते आणि पिल्ले वाढवते. अन्न धान्य, बिया, फळे, किडे, सरडे व लहान साप. रात्रीचा मुक्काम उंच झाडावर.

प्रसार व संरक्षण : भारत, श्रीलंका व लगतचे प्रदेश. मोर १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी असून १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या (सर्वाधिक संरक्षणाच्या) अनुसूचीत आहे. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्य व पुणे जिल्ह्यातील मोराची चिंचोली ही ठिकाणे परिचित आहेत. संख्या अनेक भागांत वाढल्याने पिकांच्या नुकसानीची तक्रार होते. गोव्यात २०१६ मध्ये मोराला उपद्रवी प्राण्यांत घालण्याचा विचार पुढे आला व त्यावर टीका झाली.

काँगो मोर : आफ्रोपाव्हो काँगेन्सिस. काँगो खोऱ्यातील वनांत आढळणारा, पिसारा नसलेला पक्षी. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ जेम्स चॅपिन यांना १९१३ मध्ये एका स्थानिक शिरोभूषणात त्याचे पीस मिळाले होते. १९३६ मध्ये बेल्जियममधील तेरव्यूरेन संग्रहालयात त्यांना त्याच पक्ष्याचे दोन पेंढा भरलेले नमुने सापडले. त्यांवर भारतीय मोराची पिल्ले अशी चिठ्ठी होती.