प्रथिन-कवच (पॉलिमर नॅनोकणांवरील)

औषध वाहून नेणारे पॉलिमरचे (लांब साखळीच्या रेणूंचे) अतिसूक्ष्म नॅनोकण रक्तात उतरताच त्यांच्यावर रक्तद्रवातील प्रथिनांचा थर बसतो. त्याला प्रथिन-कवच किंवा प्रोटीन करोना म्हणतात. हे कण बहुधा पीएलजीएसारख्या, शरीरात विघटन होणाऱ्या पॉलिमरचे असतात. एक लिटर रक्तद्रवात ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे कण कोरा राहत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाने माखलेल्याच्या सदऱ्याचा मूळ रंग ओळखू येत नाही, तसेच इथे होते. पेशीची गाठ पॉलिमरशी नव्हे, तर प्रामुख्याने कवचाशी पडते.

कवचातील प्रथिने बदलत राहतात. विपुल असलेले अल्ब्युमिन आधी चिकटते. पुढे कमी प्रमाणात असलेली, पण घट्ट बसणारी प्रथिने त्याची जागा घेतात. हा व्ह्रोमन परिणाम होय. नॅनोकणांसाठी ‘करोना’ ही संकल्पना २००७ मध्ये सारा लिन्से, केनेथ डॉसन व सहकाऱ्यांनी पॉलिमर कणांवरील प्रयोगांतून मांडली.

इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडे) आणि रोगप्रतिकारक यंत्रणेतील सी३ हे पूरक प्रथिन कणावर बसले की यकृत-प्लीहेतील भक्षक पेशी कण गिळतात. औषध कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचतच नाही. त्यावर उपाय म्हणून कणांवर पीईजी (पॉलिएथिलिन ग्लायकॉल) या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या लावतात. १९९४ मध्ये रॉबर्ट लँगर यांच्या गटाने असे कण रक्तात जास्त वेळ टिकतात हे दाखवले. पण पीईजी प्रथिनांना पूर्णपणे दूर ठेवते, हा समज चुकीचा आहे. क्लस्टरिन हे प्रथिन त्यावर बसते आणि भक्षक पेशींपासूनचा बचाव बराचसा त्याच्यामुळेच होतो, असे २०१६ मध्ये दिसून आले. कवच उपयोगीही पडते: पॉलिसॉर्बेट ८० लावलेल्या कणांवर अपोलिपोप्रथिन ई बसते आणि मेंदूत शिरकाव सुकर होतो.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञान शिकवले जाते, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयेही आहेत. येथे कण बनवणाऱ्याने त्यांचा आकार नुसत्या बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या क्षारद्रावणात) मोजून थांबू नये. सायट्रेट (रक्त गोठू न देणारा क्षार) असलेल्या नळीतील रक्तापासून रक्तद्रव वेगळा करावा, त्यात कण ३७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवावेत, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून बफरने दोन-तीनदा धुवावेत आणि चिकटलेली प्रथिने जेलवर चालवावीत, म्हणजे विजेच्या साहाय्याने वजनानुसार वेगळी करावीत. अल्ब्युमिनचा पट्टा ६६ किलोडाल्टनजवळ (हे रेणूच्या वजनाचे एकक) उमटतो. मधुमेहासारख्या विकारात कवच बदलते, म्हणून रुग्णांचा रक्तद्रवही तपासायला हवा. रक्तद्रवाऐवजी सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) वापरू नये: रक्त गोठताना फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि कवचातले एक महत्त्वाचे प्रथिन प्रयोगातून वगळले जाते.