रुई आणि खुळखुळा: एक अळीसाठी, दुसरा नरासाठी

"ताग लावला, पट्टेरी फुलपाखरं झुंडीनं आली, मग एकही अळी का नाही?" पावसाळा आला की हा प्रश्न ठरलेला. ताग हा खुळखुळ्याचाच, म्हणजे वाळल्यावर शेंगा खुळखुळणाऱ्या झुडपाचाच भाऊबंद आणि ही फुलपाखरं त्यावर अंडी घालतच नाहीत.

रुईबद्दल सोलापुरात वेगळं काय सांगायचं? शनिवारी मारुतीला माळ तिचीच. प्लेन टायगर या फुलपाखराची मादी तिच्या कोवळ्या पानाखाली एकेक अंडं चिकटवते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली की ती त्याचीच. रुईवर पिवळा मावा पडला म्हणून कृपा करून फवारू नका, माव्याबरोबर अळ्याही मरतात.

घोळ होतो तो खुळखुळ्यापाशी. त्यावर बसलेलं फुलपाखरू मध पितंय, असंच सगळे धरून चालतात. जरा जवळ जाऊन बघा. पिवळं फूल सोडून ते सुकलेल्या शेंगेवर नाहीतर चुरगळलेल्या पानावर बसतं, पायांनी खरवडतं, सोंडेतून थेंब सोडतं आणि विरघळलेला रस परत ओढून घेतं. त्या रसात अल्कलॉइड, म्हणजे झाडातली कडू, विषारी द्रव्यं असतात. नर त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतो, शिवाय पक्ष्यांना त्याचं अंग कडू लागतं. म्हणून तिथे जमलेल्यांत बहुतेक नरच. स्थलांतर करणारी ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरं यासाठीच उतरतात. अंड्यांसाठी ब्लू टायगरला हिरणदोडीचा वेल लागतो, क्रोला कण्हेर चालते. जागा एकाच झाडापुरती असेल तर कण्हेरच लावा.

तागाचं बी कृषी सेवा केंद्रात मिळतं. जुलैत मूठभर पेरा, इंचभर खोल. दीड-दोन महिन्यांत फुलतो. शेतकरी हिरवळीच्या खतासाठी तो फुलोऱ्यातच गाडतात, तुम्ही मात्र शेंगा धरू द्या. चार-पाच झाडं कापून सावलीत उलटी टांगा आणि सुकली की सकाळी त्यांवर पाणी शिंपडा. ओलसर वाळक्या काड्यांवर नर हिरव्या झाडापेक्षा लवकर येतात. शेंगा खुळखुळू लागल्या की शेळ्या-गुरांना तिकडे फिरकू देऊ नका, त्या बियांनी जनावराचं यकृत खराब होतं.