ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये मोठे कटआउट काढताना: कटरची निवड आणि कामाची पद्धत

आमच्याकडे कार्बाइड एंडमिल (मिलिंग मशीनवर टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) घेण्यासाठी किंवा वापरलेल्या कटरचे रिग्राइंडिंग (पुन्हा धार लावणे) करून घेण्यासाठी येणारे ग्राहक पुष्कळदा विचारतात, की प्लेटमध्ये मोठे आरपार कटआउट काढायचे असेल तर कटर किती मोठा घ्यावा. कटआउट मोठे म्हणून कटरही मोठाच लागतो असे नाही. मधला तुकडा शेवटपर्यंत धरून कसा ठेवायचा आणि चिप्स बाहेर कशा काढायच्या, हे आधी ठरवावे. कटरचा व्यास त्यानंतर बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

उदाहरण म्हणून 20 मिमी जाडीच्या 6082 या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या प्लेटमध्ये (बाजारात तिला अजूनही एचई-30 म्हणतात) 300 × 200 मिमीचे कटआउट घेऊ. सगळा भाग पॉकेटिंगने, म्हणजे थराथराने कापून, काढला तर 1200 घन सेंमी धातूच्या चिप्स कराव्या लागतात. त्याऐवजी कडेने 16 मिमी रुंदीची खाच मारून मधला ठोकळा अखंड काढला, तर सुमारे 300 घन सेंमी धातूच कापावा लागतो, आणि जवळजवळ 2.4 किलोचा जो ठोकळा हाती उरतो तो दुसऱ्या जॉबला चालतो किंवा कूलंटने ओल्या झालेल्या चिप्सपेक्षा भंगारात बऱ्या भावाने जातो. म्हणूनच आरपार कटआउटसाठी पॉकेटिंग आम्ही सहसा सुचवत नाही. तळ असलेल्या खोलगट पॉकेटचे काम मात्र वेगळे, तिथे 40 ते 50 मिमीचा इन्सर्ट कटर (बदलता येणाऱ्या पात्यांचा) उपयोगी पडतो, पण मशीन तेवढे दणकट असेल तरच.

कटर कोणता

वरच्या कामासाठी आम्ही 12 मिमी व्यासाचा, 3 फ्लूटचा (फ्लूट म्हणजे चिप्स बाहेर नेणारी खोबण), सुमारे 45 अंश हेलिक्सचा (खोबणीच्या पिळाचा कोन) आणि फ्लूट पॉलिश केलेला कार्बाइड एंडमिल देतो. स्टीलसाठी घेतलेला 4 फ्लूटचा कटर कपाटात आहे म्हणून तोच लावू नये, कारण त्याच्या फ्लूटमध्ये ॲल्युमिनियमच्या जाड चिप्सना जागाच उरत नाही. कोटिंगचेही तसेच आहे: स्टीलवर उत्तम चालणारे टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड इथे टाळावे, कारण त्यावर ॲल्युमिनियम सहज चिकटते. बिनकोटिंगचा पॉलिश कटर, झिर्कोनियम नायट्राइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचे) कोटिंग हे योग्य पर्याय आहेत. 3 मिमीच्या पातळ पॅनलसाठी, विशेषतः 18,000 ते 24,000 आरपीएमच्या राउटरवर (वेगवान स्पिंडलच्या कटिंग मशीनवर), 6 मिमीचा एक फ्लूटचा कटर सर्वांत स्वच्छ कापतो.

रिग्राइंडिंगला आलेले कटर भिंगाखाली पाहिले, तर कित्येकांची धार झिजलेली नसतेच. फ्लूटमध्ये ॲल्युमिनियमचा चंदेरी थर घट्ट बसलेला असतो आणि धारेच्या टोकाशी त्याचीच एक खोटी धार तयार झालेली दिसते. अशा कटरना दोष देण्यात अर्थ नाही, कारण कमी फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग), कोरडे काम किंवा साचलेल्या चिप्स पुन्हा पुन्हा कापल्या जाणे हीच याची नेहमीची कारणे असतात.

खाच कशी मारावी

खाच कटरच्या व्यासाएवढीच ठेवली तर दोन्ही भिंतींमध्ये अडकलेल्या चिप्सना वाट राहत नाही. म्हणून 12 मिमीच्या कटरने 16 मिमीची खाच दोन फेऱ्यांत मारावी. 300 मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीडला या कटरचे आरपीएम साधारण 8000 येतात, जे बीटी-40 टूलहोल्डरच्या अनेक व्हीएमसींचे (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनचे) कमाल आरपीएमही असते. दर दाताला 0.08 मिमी धरले तर फीड 1920 मिमी प्रति मिनिट होतो. पूर्ण रुंदीच्या कटात एका वेळी 5 मिमीपेक्षा अधिक खोल जाऊ नये. एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) कटर असेल तर 2000 आरपीएमच्या आसपासच थांबावे. कटर सरळ खाली न घुसवता 2 ते 3 अंशांच्या रॅम्पने (तिरक्या उताराने) उतरवावा.

कटरचा मार्ग आखणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये ट्रोकॉइडल (छोट्या वर्तुळांनी पुढे सरकणाऱ्या) मार्गाची सोय असल्यास पूर्ण 20 मिमी खोलीवर, बाजूने व्यासाच्या 10 टक्केच कट घेऊनही काम होते. त्या वेळी चिप पातळ पडते, म्हणून फीड दीडपट करावा, नाहीतर कटर कापण्याऐवजी घासतो. फिनिशसाठी भिंतीवर 0.3 मिमी ठेवावे आणि क्लाइंब पद्धतीने (दाताचा कट जाड चिपने सुरू होऊन पातळ चिपने संपेल अशा दिशेने) एकच कट घ्यावा. कोपऱ्याची त्रिज्या कटरच्या त्रिज्येपेक्षा थोडी मोठी ठेवावी: आर-6 (6 मिमी त्रिज्येच्या) कोपऱ्यात 12 मिमीचा कटर थेट वळवला की चॅटर (थरथर) येतो, तिथे 10 मिमीचा वापरावा. कटर होल्डरबाहेर गरजेपुरताच काढावा, कारण बाहेर काढलेली लांबी दुप्पट झाली तर त्याच भाराखाली कटर सुमारे आठपट वाकतो.

कूलंट म्हणून 6 ते 8 टक्के सोल्युबल ऑइलचा जोरदार प्रवाह थेट खाचेत सोडावा. रॉकेल वापरण्याची जुनी सवय आगीच्या धोक्यामुळे सोडावी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

मधला ठोकळा

सर्वाधिक कटर शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला तुटतात. सुटलेला ठोकळा किंचित तिरपा होतो, कटर आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो आणि कटर जागीच मोडतो. उत्तम उपाय म्हणजे प्लेटखाली ॲल्युमिनियमची बॅकिंग प्लेट ठेवून ठोकळ्यात आधीच दोन भोके पाडावीत आणि तो एम-8 बोल्टने तिला आवळावा. मग कटर बॅकिंग प्लेटमध्ये अर्धा मिलिमीटर खाली उतरला तरी चालतो. ते जमत नसेल तर प्रत्येक बाजूला तळाशी 8 मिमी रुंद आणि 1 मिमी जाड टॅब (ठोकळा धरून ठेवणारे न कापलेले तुकडे) सोडून ते नंतर कापावेत.

एवढा धातू निघून गेल्यावर उरलेली चौकट वाकू शकते. अंतर्गत ताण कमी केलेली टी651 प्लेट घेतल्यास हा त्रास कमी होतो; तरीही रफिंगनंतर क्लँप सैल करून, प्लेट मोकळी होऊ देऊन, पुन्हा हलके आवळून मगच फिनिश करावे. मापही थंड झाल्यावरच घ्यावे, कारण 500 मिमीची प्लेट 10 अंशांनी तापली तर 0.11 मिमीहून अधिक वाढते.

एकसारख्या पुष्कळ प्लेट असतील तर खाच वॉटरजेटने कापून घेऊन व्हीएमसीवर केवळ फिनिश करणे बहुधा स्वस्त पडते, आणि तसे असल्यास आम्ही कटर विकण्यापूर्वीच ते सांगतो. कटरची मागणी नोंदवताना मिश्रधातूचा ग्रेड, प्लेटची जाडी, सर्वांत लहान कोपऱ्याची त्रिज्या, स्पिंडलचे कमाल आरपीएम आणि कूलंटची सोय एवढी माहिती द्यावी. ड्रॉइंगची प्रत सोबत असल्यास उत्तम.