यूट्यूब पळतंय, मग क्लासच का अडकतोय?

परवा गगनबावड्याहून भाचीचा फोन. "मामा, मी सगळं करून बघितलो, फोन बंद करून चालू केलो, सिम काढून परत घातलो, तरी लाइव्ह क्लास अडकतोयच. आणि गंमत बघ की, त्याच नेटवर यूट्यूब झकास पळतंय!" क्लास कोल्हापुरातला, पोरगी तिकडं धो धो पावसात, आणि घरातल्या सगळ्यांचं एकच निदान, नेट स्लो आहे.

आता नेट नुसतं स्लो असतं तर यूट्यूब आधी बसलं असतं, कारण चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ क्लासपेक्षा जास्तच डेटा ओढतो. भानगड वेगळीच आहे.

यूट्यूबवरचं रेकॉर्डेड लेक्चर सर्व्हरवर एकाच फाइलमध्ये पडलेलं नसतं. तेच लेक्चर १४४पी, ३६०पी, ७२०पी अशा चार-पाच क्वालिटीत तयार असतं आणि प्रत्येकाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. तुमचा प्लेअर एक तुकडा मागवतो, तो किती वेळात आला ते बघतो आणि त्यावर ठरवतो की पुढचा भारीतला मागवायचा का हलका. शिवाय पुढचं अर्धा मिनिट आधीच भरून ठेवतो, गच्चीवरच्या टाकीसारखं. नळाला दहा सेकंद पाणी नाही आलं तरी खाली आंघोळ चालूच. ॲपलनं २००९ मध्ये आयफोनसाठी ही पद्धत आणली आणि २०१२ मध्ये तिचं डॅश नावाचं जागतिक स्टँडर्डही आलं. स्वयम, एनपीटेल वगैरे सरकारी ऑनलाइन कोर्सांची लेक्चरं खेड्यात बसून बघता येतात ती या टाकीमुळं.

लाइव्ह क्लास म्हणजे कोल्हापुरातल्या गंगावेशीचा दूध कट्टा. म्हैस समोर, धार ग्लासात, फेस असतानाच प्यायचं. साठवण नाहीच. सरांनी प्रश्न विचारला आणि तो तुम्हाला अर्ध्या मिनिटानं ऐकू आला तर तो संवाद कसला? बोलणं नैसर्गिक वाटायला आवाज एका बाजूनं साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा लागतो. म्हणजे टाकी बांधायला जागाच नाही.

आणि इथून पुढं मला जे जाम आवडतं ते सुरू होतं.

नेटवर सगळं पॅकेटांत, म्हणजे डेटाच्या छोट्या पुड्यांत जातं, एकेक फार तर दीड हजार बाइटचं. वाटेत काही हरवतात, पावसात आणि डोंगराआड जास्त. रेकॉर्डेड व्हिडिओत हरवलेलं पॅकेट परत मागवलं जातं आणि ते येईस्तोवर मागचे सगळे रांगेत थांबतात, टाकी भरलेली असल्यामुळं कुणाला पत्ताच लागत नाही. लाइव्हमध्ये परत मागवून ते येईपर्यंत सर पुढच्या वाक्यावर गेलेले असतात, म्हणून तिथं बहुतेक वेळा यूडीपी नावाची बेफिकीर पद्धत वापरतात, गेलं तर गेलं! मग भोक कोण बुजवणार? आवाजाचं काम ओपस नावाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवणारा आणि परत उलगडणारा प्रोग्राम करतो. तो आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे काप करतो, सेकंदाला ५०. एखादा काप आला नाही तर आधीच्या कापातला सूर थोडा ताणून तो चक्क अंदाजानं आवाज तयार करतो, म्हणजे मधलं थोडं सर बोललेलेच नसतात, तुमच्या फोननं बनवलेलं असतं! सलग बरेच काप गेले की ही थाप उघडी पडते आणि सरांचा रोबो होतो. दुसरी युक्ती अजून भारी, प्रत्येक पॅकेटात आधीच्या कापाची एक ओबडधोबड नक्कल कोंबून पाठवता येते, आधीचं हरवलं तरी पुढच्यातनं ते काढून घ्यायचं.

चित्राचं मात्र तसं जमत नाही. व्हिडिओत पूर्ण चित्र क्वचितच जातं, त्याला कीफ्रेम म्हणतात, बाकी फ्रेममध्ये फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच असतं. मधला एक बदल हरवला की पुढचे बदल कशावर चढवायचे तेच कळत नाही. मग फोन सांगतो, बाबा नवीन कीफ्रेम दे. पण कीफ्रेम असते जाडजूड, बरीच पॅकेटं लागतात, आणि खराब नेटवर त्यातलंही एखादं हरवतं की परत मागणी, परत जाडजूड फ्रेम. तोवर सर तोंड उघडं टाकून थिजलेले.

हे सगळं आता साध्या ब्राउझरमध्ये होतं त्याचं कारण वेबआरटीसी, ब्राउझरमधनंच थेट आवाज आणि व्हिडिओ पाठवायचं तंत्र. गूगलनं २०११ मध्ये त्याचा कोड खुला केला, जानेवारी २०२१ मध्ये ते अधिकृत वेब स्टँडर्ड झालं. त्याआधी फ्लॅशसारखी प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायची वेगळी सॉफ्टवेअरं टाकत बसावं लागायचं. फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला, ऐन ऑनलाइन शाळेच्या वर्षात, आणि फ्लॅशमध्ये केलेली शैक्षणिक ॲनिमेशनं ब्राउझरमध्ये मुकी झाली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पानं आपली विज्ञान-गणिताची बरीच सिम्युलेशनं एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे प्लगइनशिवाय ब्राउझरला कळणाऱ्या भाषेत, नव्यानं लिहून काढली, म्हणून ती आज फोनवरही चालतात. हे चिकाटीनं करणारे थोडेच.

जाता जाता, फोनच्या पाठीवर चिकटवायचे 'सिग्नल बूस्टर' सोनेरी स्टिकर कुणी देत असेल तर तेवढ्या पैशात मिसळ खा. त्या स्टिकरला ना बॅटरी ना सर्किट, तो बूस्ट करणार काय, कपाळ? 

तर भाचीला म्हटलं, तुझा कॅमेरा बंद कर आणि येणारा व्हिडिओपण बंद ठेव, नुसता आवाज घे, सरांच्या नोट्स पीडीएफमध्ये असतातच. आवाजाला ३० केबीपीएस (सेकंदाला ३० किलोबिट) पुरतात, व्हिडिओला पाचशेच्या पुढं. शिवाय तुझ्या फोनची पाठवायची ताकद साधारण ०.२ वॅट, टॉवरची त्याच्या कितीतरी पट, त्यामुळं टॉवर लांब असला की पहिल्यांदा मरतं ते तुझं अपलोड.

संध्याकाळी परत फोन. "मामा, आवाज एकदम क्लिअर आला, एक शब्द चुकला नाही."

"मग झालं की!"

"काय झालं? कॅमेरा बंद होता म्हणून सरांनी ॲबसेंट लावली."