ॲलन पेज

पेज, ॲलन सेड्रिक : (७ ऑगस्ट १९४५ – ). अमेरिकन फुटबॉलमधील डिफेन्सिव्ह टॅकल आणि पुढे मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. मिनेसोटा व्हायकिंग्ज (१९६७–७८) आणि शिकागो बेअर्स (१९७८–८१) या संघांकडून ते राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) पंधरा हंगाम खेळले. लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा सन्मान १९७१ साली त्यांना मिळाला. बचाव करणाऱ्या खेळाडूला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर बचावपटूंपैकी केवळ लॉरेन्स टेलर (१९८६) यांच्या वाट्याला तो आला आहे.

या सन्मानाचे अप्रूप कळायला टॅकलचे काम माहीत असावे लागते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचे असते. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि चाल सुरू होते. क्वार्टरबॅक तो चेंडू फेकतो किंवा धावणाऱ्याच्या हाती सोपवतो. बचाव संघाची आघाडीची फळी समोर हाताच्या अंतरावर वाकून उभी असते. चौघांच्या फळीत टोकांना दोन एंड आणि आत दोन टॅकल असतात. आतल्या दोघांकडून प्रशिक्षकांची अपेक्षा पूर्वापार एकच होती : जागा सोडायची नाही, एकाच वेळी दोन-दोन ब्लॉकर (वाट अडवून धरणारे प्रतिस्पर्धी) अंगावर घ्यायचे आणि मधून धावणाऱ्याला वाट द्यायची नाही. चेंडू अडवल्याचे श्रेय मग लाइनबॅकरला, म्हणजे फळीच्या मागे उभ्या असलेल्या बचावपटूला, मिळते. या जागेसाठी वजनदार, दणकट माणूस निवडला जाई आणि तो चांगला खेळला तरी प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नसे.

पेज यांनी ही रीत मोडली. उंची ६ फूट ४ इंच आणि वजन सुमारे २४५ पौंड (१११ किलो), म्हणजे या जागेच्या मानाने ते सडपातळच. चेंडू हलला की समोरचा गार्ड, म्हणजे सेंटरच्या शेजारचा ब्लॉकर, सरळ होण्याआधीच ते त्याच्या खांद्याशेजारून पलीकडे गेलेले असत. ताकदीशी ताकद भिडवण्यापेक्षा पहिल्या पावलाची घाई आणि ब्लॉकरच्या हालचालीवरून चाल ओळखण्याची नजर यांवर त्यांची भिस्त होती. यात धोका असतो. अंदाज चुकला तर सोडलेल्या जागेतूनच प्रतिस्पर्धी निसटतो. तरीही व्हायकिंग्जच्या प्रशिक्षकांनी त्यांना ही मोकळीक दिली. आज हलक्या, चपळ टॅकलचे कौतुक होते, त्यांचा हा मार्ग पेज यांनी आखून दिला, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांचा जन्म ओहायो राज्यातील कँटन या गावी, कृष्णवर्णीय कामकरी कुटुंबात झाला. आई ते तेरा वर्षांचे असताना वारली. लीगची पायाभरणी १९२० साली याच गावात झाली होती आणि व्यावसायिक फुटबॉलमधील थोरांचे सन्मानदालन, हॉल ऑफ फेमही १९६३ साली तेथेच उघडले. त्या इमारतीच्या बांधकामावर शाळकरी वयात पेज यांनी मजुरी केली. सेंट्रल कॅथलिक हायस्कूलनंतर ते नोत्र दाम विद्यापीठात गेले. तेथे ते एंड म्हणून खेळत. १९६६ साली विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. राज्यशास्त्राची पदवी घेतल्यावर १९६७ च्या ड्राफ्टमध्ये (महाविद्यालयीन खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने करायची निवड) पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर, व्हायकिंग्जने त्यांना निवडले आणि एंडच्या जागेवरून उजव्या टॅकलच्या जागी आणले.

कार्ल एलर, गॅरी लार्सन, पेज आणि जिम मार्शल या चौघांची फळी ‘पर्पल पीपल ईटर्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. संघाच्या जांभळ्या गणवेशावरून आणि १९५८ साली गाजलेल्या एका गाण्यावरून ते नाव पडले. १९६९ च्या हंगामात चौदा सामन्यांत मिळून व्हायकिंग्जने प्रतिस्पर्ध्यांना केवळ १३३ गुण करू दिले. लीगमध्ये इतके कमी गुण त्या वर्षी कोणीच दिले नाहीत. संघ त्या वर्षी एनएफएलचा विजेता ठरला, पण सुपर बोलमध्ये (तेव्हा प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्याशी होणारा अंतिम सामना) कॅन्सस सिटीकडून हरला. पुढे आणखी तीनदा, मायामी, पिट्सबर्ग आणि ओकलंड यांच्याविरुद्ध, तेच घडले. यांतला पिट्सबर्गविरुद्धचा पराभव (१६–६) पेज यांच्या फळीच्या माथी मारता येणार नाही. त्या सामन्यात व्हायकिंग्जच्या आक्रमक फळीला एकही गुण मिळवता आला नाही. जे सहा गुण मिळाले, तेही अडवलेल्या पंटमधून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने चेंडू दूर लाथाडताना तो अडवून.

१९७१ च्या हंगामाचा कळस म्हणजे डेट्रॉइट लायन्सविरुद्धचा डिसेंबरमधला सामना. पंचांनी पेज यांच्यावर लागोपाठ दंड लावले आणि ते संतापले. त्यानंतरच्या चालींत प्रतिस्पर्ध्यांच्या दोन ब्लॉकरनाही त्यांना रोखता येईना. मैदानाच्या मधल्या, सर्वांत गजबजलेल्या जागी उभा असलेला माणूस एकट्याने सामना फिरवू शकतो, हे त्या दिवशी दिसले. त्याच वर्षी सुरू झालेला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला. १९६८ ते १९७६ अशी सलग नऊ वर्षे त्यांची प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली.

सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच खाली पाडणे, याची अधिकृत मोजणी लीगने १९८२ पासून सुरू केली, पेज निवृत्त झाल्यानंतर. त्यामुळे अधिकृत यादीत त्यांचे नावच नाही. जुन्या नोंदी आणि चित्रफिती तपासून अभ्यासकांनी काढलेला त्यांचा आकडा १४८.५ आहे. टॅकलसाठी तो विलक्षण म्हणावा लागेल, कारण टोकाच्या खेळाडूला मिळणारी मोकळी वाट टॅकलला मिळत नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या २८ किका त्यांनी अडवल्या. पंधरा हंगामांतील २१८ सामन्यांपैकी एकही चुकवला नाही. जायबंदी झाल्याची खूण म्हणून डाव्या हाताची करंगळी मात्र कायमची बाहेर वळली.

पत्नी डायेन यांच्या सोबतीने त्यांना धावण्याची गोडी लागली आणि १९७९ साली ते मॅरेथॉन पुरी करणारे लीगमधील पहिले सक्रिय खेळाडू ठरले. लांब पल्ल्याच्या धावण्याने वजन २२५ पौंडांच्या (१०२ किलो) आसपास उतरले होते. मुख्य प्रशिक्षक बड ग्रँट यांना ते पसंत नव्हते. १९७८ च्या हंगामातच व्हायकिंग्जने त्यांना सोडून दिले आणि बेअर्सने अवघ्या १०० डॉलरमध्ये घेतले. बेअर्सचे प्रशिक्षक नील आर्मस्ट्राँग आणि बडी रायन या दोघांनी पूर्वी व्हायकिंग्जमध्ये त्यांना जवळून पाहिले होते. शिकागोतील चार हंगामांत पेज यांनी ४० सॅक केले. वजनाबाबतचा मतभेद कोणाच्या बाजूने सुटला, हे त्या आकड्यावरून समजते.

खेळत असतानाच त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली (१९७८). त्याआधी एकदा दुसऱ्या विधी महाविद्यालयातील अभ्यास त्यांनी थोड्याच आठवड्यांत सोडला होता. सत्तरच्या दशकात ते खेळाडूंच्या संघटनेचे प्रतिनिधीही होते. निवृत्तीनंतर वकिली आणि राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयातील नोकरी झाली. १९९२ साली न्यायमूर्तिपदाची निवडणूक गव्हर्नरांनी पदावरील न्यायमूर्तींना मुदतवाढ देऊन टाळली, तेव्हा पेज न्यायालयात गेले, खटला जिंकले आणि मग निवडणूकही जिंकले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातील ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन न्यायमूर्ती. तीनदा फेरनिवड होऊन, वयाच्या सत्तराव्या वर्षी सक्तीच्या निवृत्तीच्या नियमानुसार, २०१५ साली ते पायउतार झाले. २०१८ मध्ये त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

१९८८ साली हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा परिचय करून देण्यासाठी त्यांनी कोणा प्रशिक्षकाला किंवा सहखेळाडूला न बोलावता मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना बोलावले. भाषणात शिक्षणावरच भर दिला. त्याच वर्षी पती-पत्नींनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केले. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना ते उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते आणि त्या बदल्यात त्यांनी लहान मुलांना शिकवावे, अशी अट घालते. मिनियापोलिसमधील एका माध्यमिक शाळेला २०१७ पासून त्यांचे नाव आहे. २०२० मध्ये त्यांनी मिनियापोलिस फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काशकारी यांच्यासह राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली. प्रत्येक मुलाला दर्जेदार सार्वजनिक शिक्षणाचा मूलभूत हक्क असावा, ही त्यातील मागणी आहे.